रडरमधली रुई

दादा,

काल संध्याकाळी तुझं विमान सुरू केलं. धावपट्टीवर उभं केलं, इंजिनाला वेग दिला, आणि सरळ जायचं सोडून ते उजवीकडे गवतात घुसलं. कॉम्प्युटरमधलंच विमान, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. पण मी तुझ्या खुर्चीत तशीच बसून राहिले. आपलं सगळं भांडण ते विमान डावीकडे जातं म्हणून झालं होतं. उजवीकडे ते कधीच गेलं नव्हतं.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, जेवणं झाली आणि मग भाषणं. भाषणांचा तुला किती कंटाळा, विहारात कोणी माईक हातात घेतला की तू चपला शोधायला लागायचास. परवा तुला उठून जायची सोय नव्हती. तुझ्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर बोलले, नेरचे मामा बोलले. सगळ्यांनी एकच सांगितलं, की हा माणूस कधी खोटं बोलला नाही. कापसाची प्रत सांगताना ना शेतकऱ्याशी, ना मालकाशी. मीही मान डोलावली. पाहुणे गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "बेबी, त्यायच्या खोलीतलं ते सामान तूच पाह्य. मले त्यातलं समजत नाही, अन् दुसऱ्या कोणाले हात लावू द्याव वाटत नाही."

म्हणून काल गेले. सामान म्हणजे काय, तू आणि मी मिळून केलेला तो पसारा. माझ्या क्लासमधून निघालेला जुना कॉम्प्युटर. नागपूरहून आणलेली जुनी जॉयस्टिक, जिच्या मुठीवरचं रबर आधीच्या मालकानं चावल्यासारखं झालं होतं. आणि खाली ते पायडल. आईच्या शिवणयंत्राचं लोखंडी पायडल तू कापलंस, दोन पायांसाठी दोन तुकडे केलेस, मध्ये खीळ ठोकून ते एका पट्टीवर फिरते केलेस. एक पाय पुढे गेला की दुसरा मागे. पट्टीच्या मधोमध आपल्या जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटन बसवलंस आणि त्याच्या वायरी मी जॉयस्टिकला जोडल्या. आईचं शिवणयंत्र मोडलं म्हणून मी भांडले, तेव्हा तू म्हणालास, "आईनं आयुष्यभर पायडल मारलं अन् जागची हलली नाही. आता पाह्य कुठं कुठं जाते."

रडर म्हणजे काय ते मला तूच समजावलंस. विमानाच्या शेपटीतली ती उभी फळी, जी पायानं वळवायची. "बैलाची शेपटी पिरगाळली का बैल वळते ना? तसंच." कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मी पोरींना सांगते की माझ्या भावाकडे विमान आहे, तर त्या हसतात.

हे वेड कुठून आलं ते घरात सगळ्यांना पाठ होतं. गावी कापसावर फवारणीचं विमान यायचं तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पांढरं निशाण घेऊन उभं राहायचं काम तुला मिळालं होतं. विमान तुझ्या डोक्यावरून जायचं. एकदा पायलटनं पंख हलवून तुला सलाम केला, असं तू शेवटपर्यंत सांगत होतास. मला फक्त औषधाचा वास आठवतो आणि आईनं माझ्या तोंडावर धरलेला पदर. मी म्हणायची, सलाम वगैरे काही नाही, विमान वळताना एका बाजूला कलतंच. तू म्हणायचास, "तू पदरात होती. तुले काय दिसलं?" हे भांडण आपण कधी मिटवलं नाही. आता मिटवायचं असेल तर मी हरायला तयार आहे.

पण तू रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसायला लागलास ते निशाणासाठी नाही, हे मला आणि वहिनीला माहीत होतं. सध्या आपल्या जिल्ह्यात घरातला माणूस गप्प झाला की बाई त्याला एकटं सोडत नाही. पेपर उघडायची भीती वाटते, रोज एखाद्या शेतकऱ्याची बातमी. तू काही शेती करत नव्हतास, पण जिनिंगच्या गेटवर कापूस घेऊन येणारा प्रत्येक माणूस तुझ्या ओळखीचा. गंजीवर चढून, मूठभर कापूस उपसून, बोटांनी धागा ओढून तू प्रत सांगायचास, आणि त्या दोन मिनिटांत त्याच्या पोरांची नावंही विचारून घ्यायचास. मग एखाद्या सीझनला तो माणूस यायचा नाही. तू घरी येऊन फक्त गावाचं नाव घ्यायचास, चहा न पिता खोलीत जायचास आणि विमान सुरू करायचास.

वहिनी भाकरी करताना त्या इंजिनाच्या घरघरीकडे कान लावून असायची. आवाज चालू आहे तोवर माणूस ठीक आहे, असा तिचा हिशोब. आवाज बंद पडला की पीठ लागलेल्या हातांनी ती दारात. तुला वाटायचं तिला विमानात गोडी लागली. तू तिला उंची दाखवायचास, खालची नदी दाखवायचास. ती म्हणायची, "हो का," आणि तुझा चेहरा बघून परत चुलीकडे जायची. तुला हे कधी कळलं का, दादा? आम्ही तुला सांगितलं नाही. सांगायची गोष्ट नव्हती ती.

मग दिवाळीनंतर विमान डावीकडे जायला लागलं.

आधी तू मलाच हाक मारलीस. "बेबे, रडर सटकून राह्यलं." मी क्लास सुटल्यावर आले. धावपट्टीवर विमान धावायला लागलं की हळूहळू डावीकडे सरकायचं आणि उडायच्या आधीच गवतात. तू म्हणालास, रुई. मीही म्हणाले, रुई. आपल्याकडे दुसरं कोणी काही म्हणणारच नाही. जिनिंगच्या भिंतीला लागून घर, सीझनमध्ये हवेत कापसाची रुई, पंख्यावर रुई, चहाच्या कपात रुई. रेडिओ खरखरला, रुई. घड्याळ मागे पडलं, रुई. विहारातल्या पेटीचा सूर बसला तेव्हाही तू पेटी उघडून फुंकली होतीस. वहिनी एक दिवस बोलली नाही तर तू मला हळूच म्हणालास, "हिच्यातही घुसली वाटते." आणि जॉयस्टिकच्या वेळी तर ती खरोखरच निघाली होती. जॉयस्टिक थरथरायची, उघडली तर आत तेलकट, करड्या रंगाचा बोळा. सुईनं काढला आणि जॉयस्टिक शहाणी झाली. तेव्हापासून तुला कोणी अडवू शकत नव्हतं.

पायडल उघडलं. बटन स्पिरिटनं पुसलं. आत काही नव्हतं. तुझं म्हणणं, बारीक असेल, दिसत नसेल. स्प्रिंग बदलली. विमान डावीकडे. मी वायरी तपासल्या, सांधे नव्यानं जोडले. विमान डावीकडे. मग तू पुस्तक काढलंस. पुढे पंखा असलेलं विमान उडताना थोडं डावीकडे ओढतंच, उजवा पाय द्यावा लागतो, असं त्यात होतं. मी सेटिंगमध्ये जाऊन विमानाची ती खोड बंद केली. तरी डावीकडे. तुझ्या कपाळावर घाम आला होता, थंडीच्या दिवसांत.

"उठ. मी बसते," मी म्हणाले.

मी बसले. विमान सुतासारखं सरळ गेलं आणि उडालं.

मी तुझ्या पायांकडे पाहिलं. वहिनीनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं, की तुझी उजवी चप्पल अंगठ्याकडून झिजली आहे, नवी असून. तू पाय ओढत चालतोस असं तिला वाटत होतं, पण विचारलं तर तू खेकसलास.

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच आले. विमान सुरू केलं नाही. कॉम्प्युटरवर जॉयस्टिक तपासायची ती खिडकी उघडली, जिच्यात पायडलची जागा दाखवणारी एक रेघ असते. पायडल मध्ये असेल तर रेघ मध्ये.

"दादा, पाय काढ."

"काढले."

रेघ मधोमध. हलली नाही.

"आता ठेव. जोर नको देऊ. नुसते ठेव."

तू पाय ठेवलेस. रेघ डावीकडे सरकली आणि तिथंच थांबली.

"उजवा दाब."

तू दाबलास. तुझ्या मानेच्या शिरा ताठल्या. रेघ जराशी मध्ये आली, थरथरली आणि परत डावीकडे गेली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आज इंजिनाचा आवाज नाही म्हणून वहिनी दारात येऊन उभी होती.

"रुई घुसली असंल," तू म्हणालास. "पाय ठेवला का पट्टी दबते, अन् आत घासते."

"माह्या पायानं काहून नाही घासत मग?"

"तुहा पाय हलका आहे."

"दादा, मशीन चांगली आहे. तुह्या उजव्या पायात ताकद नाही राह्यली. नागपूरले जाऊ. उद्याच जाऊ."

"तू कॉम्प्युटर शिकवते. डॉक्टरकी नको शिकवू."

"अन् गंजीवर चढतानी पाय सटकला मंग?"

"सीझन होऊ दे."

मला तो शब्द ऐकला की संताप येतो. आपल्याकडे लग्न सीझन झाल्यावर, घराचं छप्पर सीझन झाल्यावर, दात काढायचा तो सीझन झाल्यावर. मी म्हणाले, सीझन तुह्यासाठी थांबते का, तू त्याच्यासाठी कायले थांबते. कापूसच येत नाही धड, यार्ड अर्धं रिकामं पडलं आहे आणि तुला सीझनची पडली आहे. तू म्हणालास, "म्हणूनच. गेटवर लोक आधीच घाबरून येऊन राह्यले. त्यात मीबी नसलो तर?" मी म्हणाले, जगात तूच एक ग्रेडर आहेस का. वहिनी दारातून म्हणाली, "ऐका ना तिचं." तू खुर्ची मागे ढकललीस आणि बाहेर गेलास. जाताना पाय उंबऱ्याला अडखळला. ते आपण तिघांनीही पाहिलं आणि तिघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

मग आपण बोललो नाही. मी दोन गल्ल्या पलीकडे, तरी आले नाही. वहिनी क्लासवर येऊन सांगायची, इंजिन चालू असते. तेवढं पुरेसं होतं.

एका रविवारी तू स्वतः मला बोलवायला आलास. दारातच म्हणालास, "चाल बेबे, तुले दाखवतो." चेहऱ्यावर तो आनंद, जॉयस्टिक शहाणी झाली त्या दिवशीचा. तू खुर्चीत बसलास, मला दारात उभं केलंस. विमान धावलं. सरळ. शेवटपर्यंत सरळ, आणि अलगद उचललं गेलं. तू खाली वावरं दाखवलीस, एक वळण घेतलंस, उतरवलंसही, आणि मग माझ्यासमोर तळहात उघडलास. तळहातावर रुईचा छोटा बोळा.

"पाह्यलं? रुईच होती."

वहिनी रडायलाच लागली. मीही हसले, दादा. इतकं हलकं वाटलं की चहा मीच ठेवला. तू म्हणालास, "डॉक्टरीणबाई, फी किती झाली?" त्या संध्याकाळी तू खूप बोललास. आईबद्दल, गावाबद्दल, पुन्हा त्या पायलटच्या सलामाबद्दल. आणि पुढे एकही दिवस मी तुझ्या पायाचा विषय काढला नाही.

सीझन संपायच्या आत तू गंजीवरून पडलास.

नागपूरला डॉक्टरांनी विचारलं, पायाची ताकद कधीपासून कमी झाली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "विमान डावीकडे जायला लागलं तेव्हापासून." त्यांना वाटलं, बाई धक्क्यात आहे. गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला होती. पायानंतर हात गेला, हातानंतर शब्द. थोडं आधी आलो असतो तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी ते वाक्य मनात घेऊन फिरते आहे. त्यानं सुटकाही होत नाही आणि शिक्षाही.

तुझे शब्द गेल्यावर मीच बोलत बसायची. क्लासमधल्या गमती सांगायची. एकच विचारायचं होतं, तेवढं सोडून सगळं बोलले. तुला माहीत होतं का?

काल त्याचं उत्तर मिळालं. विमान उजवीकडे गेलं तेव्हा मी सवयीनं पायडल उघडलं. आत काही नव्हतं, बटन लख्ख. मग ती खिडकी उघडली. पायडलवर माझा पाय नव्हता, तरी रेघ उजवीकडे उभी होती. म्हणजे कॉम्प्युटरला कोणीतरी शिकवलं होतं की मध्य इथे नाही, डावीकडे आहे. तुझा पाय जिथं नुसता पडून राहायचा, बरोबर तिथं.

ते काम तुला येत नव्हतं, दादा. दर वेळी मला हाक मारायचास, "बेबे, ते मधोमध करून दे." मी करताना तू दुसरीकडेच बघायचास. तेवढ्या एका कामासाठी तू एकट्यानं बसून ते शिकलास. पाय लंगडा होता, तर मध्यच उचलून पायाजवळ आणलास. आणि तो बोळा. काल मला तो डोळ्यांसमोर आला. मशीनमधून निघणारी रुई करडी असते, तेलकट असते. तुझ्या तळहातावरची पांढरीशुभ्र होती, लांब धाग्याची, नुकतीच ओढलेली. ग्रेडरच्या खिशात नेहमी असते तशी. मी ग्रेडरची बहीण, आणि मला ती ओळखता आली नाही. कारण मला ओळखायची नव्हती, आणि तुला ते ठाऊक होतं.

मला तुझा राग आला आहे. परवा सगळे सांगत होते कधी खोटं बोलला नाही, आणि जे एक बोललास ते आमच्याशी. कशासाठी? गेटवरच्या लोकांसाठी? की रेघ सरकली त्या संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या वहिनीचा चेहरा तू पाहिलास म्हणून? कदाचित इंजिनाच्या आवाजाचं तुला सगळं कळलं होतं. कळलं असेल तर तू आमच्यासाठी ते विमान चालू ठेवत होतास, आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही तुझी राखण करतो आहोत. मला हे कोणाला विचारता येत नाही. राग ठेवायलाही नीट जागा नाही, कारण त्याच्या बाजूला लगेच दुसरं काही येऊन बसतं. मी लग्न केलं नाही तेव्हा सगळ्या नातेवाईकांनी "काहून" विचारलं. तू विचारलं नाहीस. क्लासची टेबलं ठोकून दिलीस आणि म्हणालास, "एक टेबल जादा केलं, पोरी वाढतीन." वाढल्या, दादा. हे तुला एकदा सांगायला हवं होतं.

त्या खिडकीत एक बटन आहे. दाबलं की सगळं पहिल्यासारखं, मध्य मध्ये. माझं बोट त्यावर होतं. दाबलं नाही. खिडकी बंद केली आणि विमान पुन्हा धावपट्टीवर आणलं.

वेग दिला. ते उजवीकडे झुकायला लागलं, तसा मी डावा पाय दाबला. सरळ झालं. पाय जरा सैल केला की पुन्हा उजवीकडे. म्हणजे पाय काढायचाच नाही, दाबूनच धरायचा. तसंच उडवलं. थोड्या वेळात पोटरी भरून आली. मी धडधाकट पायानं हे करत होते. दिवाळीपासून त्या रविवारपर्यंत तू हे उलट्या बाजूनं, गेलेल्या पायानं करत होतास.

मागे चाहूल लागली. दारात वहिनी. हाताला पीठ.

"आवाज आला," ती म्हणाली. मग स्वतःचंच भान आल्यासारखी तिथंच थांबली. माझ्या पायाकडे बघत होती, एकच पाय पुढे, ताठलेला. "बेबी, आता चांगलं आहे ना ते? त्यायनं केलतं तसंच चालून राह्यलं ना?"

"हो वहिनी."

"मंग पाय काहून इतका दाबून राह्यली?"

मी खालच्या वावरांकडे पाहिलं. विमान सरळ चाललं होतं.

"काही नाही," मी म्हणाले. "रुई घुसली असंल."

ती हसली, किती दिवसांनी, आणि पीठ मळायला परत गेली. तिच्या भाकरी होईपर्यंत मी आवाज चालू ठेवला.